रोमन काळी मृत्पात्रे : संग्रह आणि कोकणातील पुरावा

रोमन काळी मृत्पात्रे : इटलीत इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत घडविली जाणारी, काळ्या चकचकीत लेपाची, भोजनाची व पेयपानाची भांडी. नेपल्सभोवतालच्या कँपेनिया प्रांतावरून त्यांना कँपेनियन मृत्पात्रे असेही म्हणतात. पसरट थाळ्या, वाडगे, पेले आणि मीठ किंवा तोंडीलावणे ठेवण्याच्या लहान वाट्या हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत. अठराव्या शतकापासून यूरोपातील संग्राहकांना भूमध्य समुद्राकाठच्या काळ्या भांड्यांचे आकर्षण वाटत आले आहे. भारतात या भांड्यांचा विषय प्राचीन सागरी व्यापाराच्या अभ्यासाशी निगडित झाला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील बंदरांची नावे ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनांत येत असल्यामुळे, या किनाऱ्यावर सापडणारे काळे, गुळगुळीत खापर रोमन असावे, असा तर्क सहजच केला जातो. हा तर्क तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण काळ्या चकाकीवरून भांड्याचे मूळ ठरविण्याची चूक गेल्या अडीचशे वर्षांत नामवंत विद्वानांकडूनही एकाहून अधिक वेळा झाली आहे.

स्वरूप व निर्मितितंत्र : या भांड्यांवरील चकाकी काचेच्या झिलईची नव्हे. कुंभार बारीक माती पाण्यात कालवून निवळू देत. जड कण तळाशी बसल्यावर वर तरंगणारा अतिसूक्ष्म, लोहयुक्त मातीचा अंश वेगळा काढून, तो दाट करून, अर्धवट वाळलेल्या भांड्यावर त्याचा लेप देत. लेपाचा काळा रंग भाजणीतून येई. ही भाजणी एकाच भट्टीत सलग तीन टप्प्यांत होत असे. पहिल्या टप्प्यात भट्टीत मोकळी हवा खेळत असल्याने भांडे व लेप दोन्ही तांबडे होत. दुसऱ्या टप्प्यात हवेचा मार्ग बंद करून धूर कोंडला जाई. त्यामुळे लोहाच्या संयुगांतील ऑक्सिजन कमी होऊन सर्व भांडे काळे पडे आणि त्याच वेळी लेपाचे सूक्ष्म कण वितळण्याच्या बेतात येऊन परस्परांशी घट्ट जुळत. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा हवा आत घेतली जाई. सच्छिद्र अंगाची माती परत तांबूस होई. पण लेपाचे छिद्रहीन कवच हवेला दाद न दिल्याने काळेच राही. अथेन्सच्या कुंभारांनी सिद्धीस नेलेले हे तंत्र इटलीतील कुंभारांनी उचलले. भट्टीत थाळ्या एकात एक रचत असल्यामुळे अनेक भांड्यांच्या आतील मध्यभागी वर्तुळाकार फिकट किंवा तांबूस डाग राहिलेला दिसतो.

दख्खनच्या सातवाहनकालीन वसाहतींत सर्वत्र आढळणारी काळी-तांबडी भांडी या प्रकाराहून निराळी होत. त्यांचा आतील भाग व काठ काळा आणि बाहेरील भाग तांबडा असतो. तो फरक लेपामुळे नसून भांडी भट्टीत पालथी घालून भाजण्याच्या पद्धतीमुळे पडतो, असे सामान्यतः मानले जाते.

वर्गीकरण व कालमर्यादा : इटालियन पुरातत्त्वज्ञ नीनो लांबोल्या यांनी १९५२ मध्ये या भांड्यांचे अ, ब व क असे तीन वर्ग पाडले. अ वर्गाची भांडी नेपल्स परिसरातील असून त्यांची माती तांबूस असते. ब वर्ग इट्रुरियाशी निगडित असून त्याची माती फिकट पिवळसर, तर सिसिलीतील क वर्गाची माती करडी असते. झां-पॉल मोरेल या फ्रेंच विद्वानांनी १९८१ मध्ये आकारांचे तपशीलवार वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि ते आजही आधारभूत मानले जाते. ही भांडी जहाजातून दूरवर जात. फ्रान्समधील मार्से बंदराजवळ ग्रां काँग्लुए या खडकापाशी १९५२ पासून झालेल्या सागरतळावरील उत्खननात अ वर्गाची हजारो भांडी हाती आली. तेथे एकच बुडालेले जहाज असल्याचा प्रारंभी समज झाला होता. पुढे तेथे वेगवेगळ्या काळांतील दोन जहाजांचे अवशेष एकावर एक साचले असल्याचे स्पष्ट झाले. वस्तू वर काढताना थरांची नोंद काटेकोर न झाल्यास कालनिर्णय कसा चुकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यास अरेझ्झो येथील कुंभारांनी काळ्याऐवजी तांबड्या लेपाची भांडी करण्यास प्रारंभ केला. अरेटाइन या नावाने ती प्रसिद्ध आहेत. त्यांची लोकप्रियता वाढत गेली आणि काळी भांडी मागे पडली. ऑगस्टसने ईजिप्त रोमन सत्तेखाली आणले ते इ.स.पू. ३० मध्ये, त्यानंतर तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या जहाजांची संख्या झपाट्याने वाढली. म्हणजेच भारताशी रोमन व्यापाराचा भर आला त्या सुमारास इटलीतील काळ्या भांड्यांचा काळ जवळजवळ संपला होता. कोकणातील काळ्या खापराचा विचार करताना हा कालक्रम प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

संग्रहाचा इतिहास : नेपल्स येथील ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी १७६४ नंतर दक्षिण इटलीतील थडग्यांतून निघालेल्या मृत्पात्रांचा मोठा संग्रह केला. १७७२ मध्ये ब्रिटिश संसदेने मंजूर केलेल्या ८,४०० पौंडांत तो ब्रिटिश म्यूझीयमसाठी खरेदी करण्यात आला. त्यांच्या दुसऱ्या संग्रहाचा काही भाग घेऊन निघालेले कलॉसस हे जहाज १७९८ मध्ये सिली बेटांजवळ बुडाले. त्या काळी इटलीच्या भूमीत सापडणारी ही काळी व चित्रांकित भांडी इट्रुस्कन लोकांची कृती समजली जात. जोसाया वेजवुड या इंग्रज उत्पादकाने त्यांच्या अनुकरणाने काळी दगडी भांडी घडविली आणि १७६९ मध्ये सुरू केलेल्या आपल्या कारखान्याला इट्रुरिया हे नाव दिले. तथापि यांपैकी पुष्कळ भांडी ग्रीक परंपरेतील असल्याचे विंकेलमान प्रभृतींनी दाखवून दिले आणि पुढे ते सर्वमान्य झाले.

अखंड भांडी प्रामुख्याने थडग्यांतून मिळत; वस्तीच्या जागी उरतात ती खापरे. त्यामुळे बाजारात मागणी वाढली, तशी थडग्यांची लूटही वाढली. चित्रे असलेल्या कलशांच्या मानाने साधी काळी थाळी कमी मोलाची गणली जाई. साहजिकच तिच्या सापडण्याच्या जागेची नोंद ठेवण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतले. जुन्या संग्रहांतील असंख्य काळी भांडी आज देखणी दिसतात. परंतु ती कोणत्या थडग्यातील, त्यांच्यासोबत काय होते, हे ती सांगू शकत नाहीत.

भारतातील काळी भांडी व मूळविषयक भ्रम : तक्षशिला येथील भीर टेकाडाच्या उत्खननात आरशासारख्या चकाकीची काळी खापरे मिळाली, तेव्हा जॉन मार्शल यांनी त्यांचा संबंध ग्रीक काळ्या भांड्यांशी जोडला. पुढे तशीच भांडी गंगेच्या मधल्या खोऱ्यात विपुल प्रमाणात आणि ग्रीकांच्या आगमनापूर्वीच्या थरांतही मिळू लागली. मॉर्टिमर व्हीलर व कृष्णदेव यांनी १९४६ मध्ये त्यांचा स्वतंत्र विचार केला आणि ‘उत्तरेकडील काळी झिलईदार मृत्पात्रे’ या अर्थाची संज्ञा रूढ झाली. ही पूर्णतः भारतीय कारागिरी असून महाराष्ट्रात नासिक, प्रकाशे, बहाळ अशा स्थळी तिची खापरे मिळाली आहेत.

दुसरा प्रसंग याहून दूरगामी ठरला. पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे व्हीलर यांनी १९४५ मध्ये उत्खनन केले. तेथे इटलीतील अरेटाइन भांडी व मद्याचे दुमुठी रांजण यांच्याबरोबरच एका विशिष्ट प्रकारच्या काळ्या-करड्या थाळ्या मिळाल्या. त्यांचे बूड सपाट, काठ आत वळलेला, अंग पातळ व लेप तुळतुळीत असून आतील तळाशी बारीक दातेरी खुणांची समकेंद्री वर्तुळे असतात. काही थाळ्यांचा व्यास ३० सेंमी.हूनही अधिक भरतो. या चक्रांकित म्हणजेच रूलेटेड थाळ्यांसारख्या खुणा ग्रीक व इटालियन काळ्या भांड्यांवरही असतात. म्हणून त्यांतील उत्तम प्रतीच्या थाळ्या भूमध्य प्रदेशातून आयात झाल्या आणि बाकीच्या येथे नक्कल करून बनविल्या, असे मत व्हीलर यांनी मांडले. त्यांचा कालनिर्णय अरेटाइन भांड्यांच्या आधारे इ.स. पहिल्या शतकातील ठरविण्यात आला.

या मताचा परिणाम एका स्थळापुरता राहिला नाही. कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे १९४७ मध्ये व्हीलर यांनी याच थाळ्यांचा आधार घेऊन थरांचा काळ ठरविला. त्यानंतर दख्खनमध्ये जेथे चक्रांकित खापर मिळेल, तो थर इ.स. पहिल्या शतकाच्या आसपासचा, अशी प्रथा पडली. सातवाहनकालीन अनेक वसाहतींचा कालक्रम अशा रीतीने एका खापराच्या गृहीत परदेशी मूळावर उभा राहिला.

विमला बेगली यांनी १९८३ व १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत अरिकामेडूच्या थरांची फेरतपासणी केली आणि या थाळ्यांची निर्मिती भारतीय असून तिचा प्रारंभ इ.स.पू. दुसऱ्या शतकाइतका मागे जातो, असे दाखविले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तन पद्धतीने खापरांतील मातीच्या खनिजांचे परीक्षण केले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार भारतातील विविध स्थळांच्या तसेच आग्नेय आशियातील चक्रांकित भांड्यांची माती बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक परिसरातील मातीशी जुळते. नेमक्या उगमस्थानाविषयी विद्वानांत चर्चा चालू असली, तरी ही भांडी भारतीय उपखंडातील आहेत, हे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. बाली बेटावरील सेंबिरन येथेही ती सापडली आहेत. रोमन व्यापाराची खूण म्हणून जिच्याकडे पाहिले गेले, ती थाळी बंगालच्या उपसागरातील स्वतंत्र व विस्तृत व्यापाराची साक्ष ठरली.

महाराष्ट्रातील पुरावा : महाराष्ट्राचा भूमध्य प्रदेशाशी संबंध होता, याविषयी शंका नाही. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी टेकाडावर १९४४-४५ मध्ये के. जी. कुंदनगार यांना ब्राँझ वस्तूंचा साठा मिळाला. त्यातील पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची मूर्ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. नेवासे येथील १९५४–५६ च्या उत्खननात दुमुठी रांजणांची खापरे मिळाली आणि नेवासे, तेर आदी स्थळी चक्रांकित थाळ्यांचे तुकडेही आढळले. रांजणांच्या बाबतीतही सावधगिरी लागते. रोबर्टा टॉम्बर यांच्या अभ्यासातून, भारतात रोमन म्हणून नोंदलेली कित्येक रांजणखापरे वस्तुतः इराणच्या आखाताकडील, आतून डांबर लावलेल्या निमुळत्या रांजणांची असल्याचे निष्पन्न झाले आहे.

संग्राहकाचे कार्य अभ्यासाला कसे उपकारक ठरते, याचे उदाहरण धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथे मिळते. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीच्या टेकाडांतून व शेतांतून निघणाऱ्या मणी, नाणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती वस्तू व खापरे अनेक वर्षे चिकाटीने जमविली. हा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने गावात शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई नगर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वीची, हे निश्चित होते. लामतुरे यांच्या संग्रहातील वस्तूंचे थर नोंदलेले नसले, तरी त्या एका गावच्या परिसरातील आहेत, एवढे स्थलज्ञान टिकून राहिले. विक्रेत्यांकडून ठिकठिकाणच्या वस्तू घेऊन बनविलेल्या संग्रहापेक्षा त्याचे मोल अधिक आहे, ते यामुळेच.

रत्नागिरीचा किनारा : इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस ऑफ द एरिथ्रिअन सी या ग्रंथात कल्याणच्या पुढील बंदरे क्रमाने दिली आहेत : सेमिल्ला, मँडागोरा, पॅलेपत्माई, मेलिझीगारा, बायझँटिअन इत्यादी. सेमिल्ला म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल, याविषयी एकमत आहे. मँडागोरा म्हणजे सावित्रीच्या मुखावरील बाणकोट, पॅलेपत्माई म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ, मेलिझीगारा म्हणजे जयगड व बायझँटिअन म्हणजे विजयदुर्ग, ही जुनी समीकरणे होत; त्यांपैकी बहुतेकांना नंतरच्या संशोधकांनी पर्याय सुचविले आहेत. विजयदुर्ग १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. दापोली तालुक्यातील पन्हाळे-काजी येथील कोटजाई नदीकाठच्या २९ लेण्यांवर म. न. देशपांडे यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाडीमार्गाने किनाऱ्याशी व घाटमार्गाने देशाशी जोडलेल्या प्राचीन वसाहती या भागात होत्या, हे अशा लेण्यांवरून दिसते.

तथापि पेरिप्लसकाराने या बंदरांचा उल्लेख स्थानिक व्यापाराची ठिकाणे असा केला आहे. कल्याण येथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही तो सांगतो. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोचला जाई. म्हणजे त्या काळी परदेशी जहाजांचा मुख्य ओघ भडोच व दक्षिणेकडील केरळचा किनारा यांकडे होता. मधल्या कोकण किनाऱ्यावर देशी गलबतांची वाहतूक अधिक असावी. भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत इटालियन मद्य आहे, राजासाठी मूल्यवान चांदीची पात्रे आहेत. मातीच्या थाळ्या मात्र नाहीत. त्या आल्या त्या बहुधा व्यापारी व खलाशी यांच्या स्वतःच्या वापरासाठी किंवा इतर मालासोबत.

कालक्रम, व्यापारमार्ग व मालाच्या याद्या या तिन्ही गोष्टी लक्षात घेता, रत्नागिरीच्या खाडीकाठी सापडणारे काळे गुळगुळीत खापर इटलीतील असण्यापेक्षा दख्खनमधील किंवा पूर्व भारतातील असण्याचा संभव कितीतरी अधिक आहे. यामुळे त्याचे महत्त्व उणावत नाही. बंगालची थाळी वाशिष्ठीच्या काठी पोहोचली असेल, तर ती घाट उतरून आली की द्वीपकल्पाला वळसा घालून आली, हा प्रश्न कोकणच्या इतिहासाच्या दृष्टीने एखाद्या रोमन थाळीइतकाच मोलाचा आहे. त्याचे उत्तर मात्र खापर कोठे, कोणत्या थरात व कशासोबत मिळाले, यावर अवलंबून राहते. कोकणातील मुसळधार पाऊस, खाड्यांच्या काठांची धूप, वाळूचा उपसा, रस्ते व घरबांधणी यांमुळे जुन्या वस्त्यांचे थर सतत नाहीसे होत असतात. देशावरील पांढरीच्या टेकाडांसारखी ठळक टेकाडे येथे क्वचितच असल्याने हा नाश सहसा लक्षातही येत नाही. अशा ठिकाणचे खापर नोंदीवाचून उचलले गेले, तर त्या स्थळाचा कदाचित एकमेव पुरावा मुका होतो.

संग्रह, कायदा व नोंद : भूमीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातले. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७६ मध्ये अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेषांत मोडतात. परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही व खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापारास आळा घालणारा यूनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये स्वीकारला. रत्नागिरी येथे, ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी बांधलेल्या राजवाड्यात, राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे.

किनाऱ्यावर किंवा शेतात प्राचीन खापर दिसल्यास ते शक्यतो जागेवरच राहू देऊन पुरातत्त्व विभागास कळविणे उत्तम. बांधकामात किंवा पुरात ते हलले असल्यास गाव, जागेचे वर्णन, जमिनीपासूनची खोली, तारीख व सोबतच्या वस्तू यांची तत्काळ नोंद करावी. खापर घासूनपुसून चकचकीत करू नये. लेप, काजळी व आतील बाजूस चिकटलेले अन्नाचे वा डांबराचे अंश हेही पुराव्याचेच भाग असतात. काठ व बूड यांचे तुकडे विशेष महत्त्वाचे, कारण त्यांवरून संपूर्ण भांड्याचा आकार व व्यास काढता येतो. तुटलेल्या कडेवर दिसणारा मातीचा रंग व कणांचा बारीकपणा लेपाच्या चकाकीपेक्षा अधिक बोलका असतो, आणि अंतिम निर्णय मातीच्या प्रयोगशाळेतील परीक्षणावरूनच करता येतो. हॅमिल्टन यांच्या संग्रहातील कलश, तक्षशिलेची खापरे व अरिकामेडूच्या थाळ्या यांचे खरे मूळ कळले, ते तशीच भांडी अन्यत्र कोठे व कोणत्या थरांत मिळतात, याच्या नोंदी उपलब्ध झाल्या म्हणूनच.